हृदयाच्या इमेजिंगमधला निरीक्षणात्मक अभ्यास: आधी इको कुणाचा झाला ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात एम.डी. मेडिसिन करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या विभागात तीन वर्षांचे इको (हृदयाच्या सोनोग्राफी) साठवलेले आहेत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांचा जीएलएस (डाव्या व्हेंट्रिकलचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा, स्नायू लांबीच्या दिशेनं किती टक्के आखडतो त्याचं माप) कमी आहे, त्यांचं पुढच्या वर्षभरात काय होतं हे तिला प्रबंधासाठी पाहायचंय. याला केस-कंट्रोल म्हणायचं की कोहॉर्ट? जुन्या नोंदींवर केलं तर चालेल का? रुग्ण किती लागतील?

सरळ उत्तर: हा कोहॉर्ट आहे, आणि जुन्या नोंदींवर केला तर रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्ट. सुरुवात जीएलएसपासून होते आणि पुढं कोण दगावलं, कोण पुन्हा दाखल झालं याकडे जाते. याच्या उलट, आधी दगावलेले रुग्ण निवडले, त्यांच्या जोडीला वाचलेले घेतले आणि मग दोन्ही गटांचे जुने इको उघडले, तर तो केस-कंट्रोल. प्रबंधांत नेहमी दिसणारी गफलत म्हणजे रुग्ण आजपासून पुढं घ्यायचे, प्रत्येकाचा एकच इको करायचा, त्याच दिवशी मधुमेह आणि रक्तदाब विचारायचा आणि शीर्षकात ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ (पुढं जाणारा) लिहायचं. फॉलो-अप नाही तर कोहॉर्ट नाही. तो क्रॉस-सेक्शनल (एकाच वेळी केलेली पाहणी) अभ्यास झाला, आणि तसं नाव देण्यात कमीपणा काही नाही.

पण नावापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. इमेजिंगच्या संशोधनात तुमच्या हाती येणारं प्रत्येक चित्र कुणीतरी, काहीतरी कारणानं मागवलेलं असतं. रक्तदाब सगळ्यांचा मोजला जातो, इको सगळ्यांचा होत नाही. म्हणून डिझाइन ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: इको कुणाचा झाला, कशासाठी झाला, आणि आजाराच्या कितव्या दिवशी झाला. बहुतेक चुकांचं मूळ या तिन्हींपैकी एकात सापडतं.

आधी दिवस घेऊ. झटक्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हृदयाचा काही स्नायू जिवंत असूनही सुन्न असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो सावरतो. पहिल्या दिवशीचा −११ टक्के आणि सहाव्या आठवड्यातला −११ टक्के ही एकच गोष्ट नव्हे. तुमच्या साठ्यात दोन्ही प्रकारचे इको मिसळलेले असणार. एक खिडकी ठरवा, उदाहरणार्थ दाखल झाल्यापासून ४८ तासांनंतर ते डिस्चार्जपर्यंत, आणि तिच्याबाहेरचे इको मुख्य विश्लेषणात घेऊ नका.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. काही जणांचा इको चाळीस दिवसांनंतरचा असेल, कारण आयसीडी (धोकादायक लय ओळखून शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) बसवण्याचा निर्णय झटक्यानंतर निदान ४० दिवस थांबून घेतला जातो. असा रुग्ण ते चाळीस दिवस जगला म्हणूनच तुमच्या यादीत आला. त्याचं जगणं झटक्याच्या तारखेपासून मोजलं, तर ज्या काळात त्याला मृत्यू येणं तुमच्या व्याख्येनंच अशक्य होतं तो काळही त्याच्या खात्यात जमा होतो. याला इमॉर्टल टाइम बायस म्हणतात. उपाय एकच: प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या इकोच्या तारखेपासून सुरू करा. एक्सेलमध्ये ‘झटक्याची तारीख’ आणि ‘इकोची तारीख’ असे वेगळे रकाने ठेवा. दुसरा रकाना नसला तर हे घड्याळ पुढं लावता येत नाही.

आता कुणाचा झाला ते. आपत्कालीन विभागातच दगावलेल्यांचा इको नाही. अतिदक्षता विभागात रात्री झालेल्या इकोत ‘ईएफ ३० टक्के’ (ईएफ म्हणजे प्रत्येक ठोक्याला डावं व्हेंट्रिकल आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतं) एवढं कागदावर असतं, क्लिप साठवलेली नसते. व्हेंटिलेटरवरचे, एट्रियल फिब्रिलेशनवाले (हृदयाची लय अनियमित असलेले), फार स्थूल, फुप्फुसाच्या जुन्या आजाराचे, यांची चित्रं धूसर असतात आणि जीएलएस निघत नाही. ‘चित्र नीट नाही म्हणून वगळलं’ हे वाक्य साधं दिसतं, पण त्या वाक्यानं तुम्ही सगळ्यात आजारी माणसं बाहेर काढता. वगळणं टाळता येत नाही. मात्र वगळलेल्यांचं वय, ईएफ, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि मृत्यूचं प्रमाण घेतलेल्यांच्या शेजारी एका तक्त्यात द्यायलाच हवं. २००७ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रोब ही निरीक्षणात्मक अभ्यासांसाठीची यादी प्रत्येक टप्प्यावर किती रुग्ण गळले आणि का, हे मागते. तो प्रवाह-तक्ता शेवटी करायला ठेवू नका, नोंदी उघडतानाच भरत जा.

मापनाकडे वळू, कारण इमेजिंगचा अभ्यास इथंच पडतो किंवा उभा राहतो. जीएलएससाठी दोन, तीन आणि चार कप्प्यांची अशी तिन्ही एपिकल (हृदयाच्या टोकाकडून घेतलेली) दृश्यं लागतात, आणि सेकंदाला साधारण ५० ते ८० फ्रेम. कित्येक यंत्रं डायकॉममध्ये (वैद्यकीय चित्रांच्या फाइलचा प्रकार) साठवताना हा वेग ३० वर आणतात. त्या क्लिपवर सॉफ्टवेअर आकडा देतं, पण झपाट्यानं बदलणाऱ्या आकुंचनाचा शिखरबिंदू मधल्या मध्ये हरवतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे इको विभागातल्या तंत्रज्ञांना विचारून साठा मूळ फ्रेमरेटमध्ये आहे की आवळलेला, याची खातरजमा करणं. तीन वर्षांत यंत्र किंवा सॉफ्टवेअर बदललं असेल तर रिपोर्टवर छापलेले जुने आकडे एकत्र करू नका. कंपन्यांच्या गणितात फरक असतो. सगळ्या क्लिप एकाच सॉफ्टवेअरवर, एकाच व्यक्तीनं, रुग्णाचं पुढं काय झालं हे न कळता पुन्हा मोजाव्यात. एका क्लिपसंचाला पंधरा-वीस मिनिटं धरा आणि त्यावरून महिन्यांचं गणित मांडा.

आकड्याच्या चिन्हाचा निर्णयही आधीच घ्या. −१२ हा −१८ पेक्षा वाईट. कुणी उणे चिन्हासह भरतो, कुणी त्याशिवाय, आणि मग विश्लेषणात संबंध उलटा निघतो. चिन्ह सोडून नुसता आकडा वापरायचा आणि ‘जास्त म्हणजे चांगलं’ असं एका ओळीत नमूद करायचं, हे सोपं पडतं. त्या वेळचा रक्तदाब आणि नाडीचा वेगही हवा. रक्तदाब १७० असताना व्हेंट्रिकल जास्त दाबाविरुद्ध आखडतं आणि जीएलएस कमी भरतो. तो दोष स्नायूचा नसतो.

ईएफ घेणार असाल तर त्याचा हिस्टोग्राम काढून पाहा. ३०, ३५, ४०, ४५, ६० या आकड्यांवर मनोरे उभे दिसले, तर ते ईएफ नजरेनं ठरवलेले आहेत. नजरेनं ठरवलेला ईएफ अनुभवी हातात उपचारासाठी पुरतो, पण तो आणि बायप्लेन सिम्प्सननं (दोन दृश्यांत कप्प्याची कड आखून आकारमान काढण्याची पद्धत) मोजलेला ईएफ एकाच रकान्यात ठेवता येत नाही. सिम्प्सनमध्येही एपेक्स (हृदयाचं टोक) कापला गेला की आकारमान कमी भरतं. नियमित लयीत तीन ठोक्यांची सरासरी, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये निदान पाच ठोक्यांची. डाव्या एट्रियमचं (वरच्या कप्प्याचं) आकारमान शरीराच्या पृष्ठभागाला भागायचं असतं (३४ मिली प्रति चौरस मीटर ही वरची मर्यादा), आणि त्यासाठीची उंची-वजनं अनेकदा रुग्णाला विचारून लिहिलेली असतात. मोजलेली आहेत की सांगितलेली, हे तपासा.

मोजणीची विश्वासार्हता दाखवण्यासाठी २० ते ३० इको यादृच्छिक पद्धतीनं निवडा, तीन-चार आठवड्यांनी त्याच व्यक्तीकडून आणि एकदा दुसऱ्या व्यक्तीकडून मोजून घ्या. आयसीसी (दोन मोजण्या किती जुळतात त्याचं माप) आणि ब्लँड-ऑल्टमनचा आलेख (दोन मोजण्यांतला फरक दाखवणारा) दोन्ही द्या. फक्त कोरिलेशन पुरत नाही: एक जण सातत्यानं चार टक्के जास्त मोजत असला तरी कोरिलेशन ०.९५ येऊ शकतं. दुसऱ्या व्यक्तीला ठोका आणि फ्रेम स्वतः निवडू द्या. पहिल्यानं थांबवलेल्या फ्रेमवरच दोघांनी रेघ ओढली, तर ती चाचणी खरी नव्हे.

फॉलो-अपचा भाग बेळगावात बसून लिहिताना पुस्तकातल्यापेक्षा जास्त विचार मागतो. इथं इकोला येणारा रुग्ण खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणीचा असतो तसा चंदगड, गडहिंग्लज, दोडामार्ग, सावंतवाडीचाही असतो. इको बेळगावात होतो, पण अँजिओप्लास्टी कुठं होईल हे बऱ्याचदा रेशनकार्ड कुठल्या राज्याचं आहे त्यावर ठरतं. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना वेगळी, महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी. चंदगडचा माणूस पुढच्या उपचारासाठी कोल्हापूरला किंवा मिरजेला गेला, तर तुमच्या दप्तरी तो ‘गायब’ असतो आणि तिकडं त्याच्या स्टेंटची नोंद असते. शिवाय सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजनेचा लाभ देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला आहे. अशा निर्णयानं रुग्ण कुठं जातात ते अभ्यासाच्या मध्येच बदलू शकतं. म्हणजे इथली गळती यादृच्छिक नाही. ती राज्य, पैसा आणि आजाराची तीव्रता यांच्याशी बांधलेली आहे.

यासाठी रकाने असे ठेवा: तालुका, रेशनकार्डाचं राज्य, योजनेचं नाव, शेवटच्या संपर्काची तारीख, आणि संपर्क कसा झाला. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांना ‘जिवंत’ धरू नका. शेवटच्या खात्रीच्या तारखेला सेन्सॉर करा, म्हणजे त्यांचा हिशेब तिथंच थांबवा. मग दोन टोकांची गणितं करून पाहा, गळालेले सगळे जिवंत धरून आणि सगळे दगावले असं धरून. दोन्हींत निष्कर्षाची दिशा तीच राहिली तर तुमचं म्हणणं टिकतं. मृत्यूची खात्री नातेवाइकांच्या फोनवर थांबवू नका, शक्य तिथं ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मृत्युनोंदीची तारीख घ्या. फोन संध्याकाळी सातनंतर करा, आणि उसाच्या हंगामात दुप्पट वेळ धरा. अथणी, चिक्कोडी, निपाणी पट्ट्यात त्या महिन्यांत दिवसा कुणी भेटत नाही, आणि ऊसतोडीला आलेली माणसं तर हंगामानंतर दुसऱ्याच जिल्ह्यात असतात.

जुन्या नोंदी जुळवताना नावांवर विसंबू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे जुन्या माणसाच्या कागदांवर गावाचं नाव दोन तऱ्हांनी येतं. आडनावाच्या जागी कधी गावाचं नाव, कधी वडिलांचं. कन्नडमधून इंग्रजीत गेलेलं नाव आणि मराठीतून गेलेलं नाव यांचं स्पेलिंग वेगळं. रुग्णालयाचा क्रमांक, वय आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे, या तिन्हींपैकी दोन जुळल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या धरू नयेत.

किती रुग्ण? कोहॉर्टमध्ये रुग्णांपेक्षा घटना मोजा. जुना ढोबळ नियम म्हणजे मॉडेलमधल्या प्रत्येक घटकामागं निदान दहा घटना. जीएलएस, वय आणि क्रिएटिनिन असे तीन घटक ठेवायचे तर तीस मृत्यू हवेत. समजा वर्षभरात दहा टक्के दगावतात, तर ३०० रुग्ण लागतील, आणि वीस टक्के गळती धरली तर ३७५. साठ्यात दीडशेच असतील तर मृत्यू किंवा हृदयाच्या कारणानं पुन्हा दाखल होणं, असा एकत्रित परिणाम घ्या, पण तो आकडे पाहण्याआधी ठरवा.

विश्लेषणात एक मोह आवरा. आपल्याच माहितीवर आरओसी (कुठल्या आकड्यावर रुग्ण नीट वेगळे पडतात ते दाखवणारा आलेख) काढून ‘−१३.४’ असा कटऑफ शोधायचा आणि त्याच माहितीवर त्याचा हॅझर्ड रेशो (दोन गटांतल्या जोखमीचं गुणोत्तर) दाखवायचा, हे घरच्याच मापानं घरचं धान्य मोजण्यासारखं आहे. आकडा नेहमी चांगलाच येतो आणि दुसऱ्या रुग्णालयात टिकत नाही. जीएलएस सलग आकडा म्हणूनच ठेवा. ईएफ आणि जीएलएस एकमेकांशी इतके जोडलेले असतात की दोन्ही एकत्र घातल्यावर दोघांचेही अंदाज डळमळतात, म्हणून ईएफशिवाय आणि ईएफसह अशी दोन्ही मॉडेल द्या. तीन महिन्यांनंतरचा ईएफ किंवा नंतर सुरू झालेलं औषध समायोजनात घालू नका. ते जीएलएसच्या नंतर घडतं, आणि त्याला काढून टाकलं की तुम्ही जो परिणाम शोधताय त्याचाच रस्ता बंद होतो. कन्फाउंडर (जीएलएस आणि मृत्यू दोन्हींशी जोडलेले, संबंध गढूळ करणारे घटक) निवडताना पी-व्हॅल्यू बघू नका. झटक्याची जागा, उपचाराला लागलेला वेळ, वय, मूत्रपिंड, मधुमेह हे वैद्यकीय विचारानं आधी ठरवा.

साठा मोठा असेल आणि मोजायला माणूस एकच असेल, तर नेस्टेड केस-कंट्रोलचा (कोहॉर्टच्या आतूनच निवडलेला केस-कंट्रोल) विचार जरूर करा. इमेजिंगला इतकं साजेसं डिझाइन दुसरं नाही आणि प्रबंधांत ते फार कमी वापरलं जातं, याचं वाईट वाटतं. एक हजारांचा कोहॉर्ट आहे, त्यात ६० मृत्यू झाले. प्रत्येक मृत्यूसाठी, त्याच दिवसापर्यंत जिवंत असलेल्यांतून तीन कंट्रोल यादृच्छिकपणे घ्या. आता १००० ऐवजी २४० क्लिपसंच मोजायचे. चारपेक्षा जास्त कंट्रोल घेऊन फारसं काही पदरात पडत नाही. कंट्रोल नंतर कधीतरी दगावला तरी चालतो, त्या दिवशी तो जोखमीत होता एवढंच हवं. साध्या केस-कंट्रोलची मोठी अडचण, म्हणजे कंट्रोल कुठून आणायचे, ती इथं उरतच नाही.

निदानक्षमतेचा अभ्यास करायचं मनात आलं, उदाहरणार्थ स्ट्रेस इको अँजिओग्राफीशी ताडून पाहायचा, तर सावध राहा. समजा १००० जण, त्यांत २०० जणांना खरोखर आजार, आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी (आजारी ओळखण्याचं प्रमाण) व स्पेसिफिसिटी (निरोगी ओळखण्याचं प्रमाण) दोन्ही ८० टक्के. पॉझिटिव्ह आलेले ३२० जण अँजिओग्राफीला गेले, निगेटिव्ह आलेल्या ६८० पैकी फक्त ६८. ज्यांची अँजिओग्राफी झाली तेवढ्यांवर हिशेब केला तर सेन्सिटिव्हिटी ९८ टक्क्यांच्या आसपास दिसते आणि स्पेसिफिसिटी २९ च्या आसपास कोसळते. चाचणी तीच आहे, कुणाची पडताळणी झाली तेवढंच बदललं. अशा अभ्यासाला स्टार्ड ही यादी लावतात, स्ट्रोब नव्हे.

शाळांमधला संधिवातजन्य हृदयविकाराचा शोध हा या भागातला दुसरा लोकप्रिय विषय. तो क्रॉस-सेक्शनल आहे. समजा प्रमाण एक टक्का धरलं आणि चूक ०.३ टक्क्यांच्या आत हवी, तर सुमारे ४२२६ मुलं लागतात. पण मुलं शाळेशाळेनं निवडली की एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. शाळेमागे ५० मुलं आणि आयसीसी (इथं एका शाळेतल्या मुलांच्या सारखेपणाचं माप) ०.०२ धरला तर डिझाइन इफेक्ट (गटानं निवडल्यामुळे मुलं किती पट लागतात) १.९८, म्हणजे आकडा जवळजवळ दुप्पट. आजाराचं निदान वर्ल्ड हार्ट फेडरेशनच्या निकषांवर करा. २०१२ च्या निकषांत मायट्रल गळती (डाव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागं येणं) आजाराची ठरायला चारही गोष्टी लागतात: दोन दृश्यांत दिसणं, निदान एका दृश्यात झोत २ सेंमी किंवा जास्त, वेग सेकंदाला ३ मीटर किंवा जास्त, आणि पूर्ण सिस्टोलभर (हृदय आखडतं तेवढा सगळा वेळ) गळती. २०२३ मध्ये निकष सुधारले आणि तपासणीच्या पहिल्या टप्प्यावर ३० किलोखालच्या मुलांसाठी झोताची मर्यादा दीड सेंमी झाली. कुठली आवृत्ती वापरली ते लिहा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

या विषयात निरीक्षणाची मर्यादाही स्पष्ट दिसते. सौम्य दोष सापडलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचा दोष आपोआप मिटतो किंवा तसाच राहतो, त्यामुळे पेनिसिलिन दिलेली मुलं बरी दिसली म्हणून औषधाचं श्रेय ठरत नाही. तो प्रश्न युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीनं सोडवला. दोन वर्षांत पेनिसिलिन मिळालेल्या गटात आजार एक टक्क्याहून कमी मुलांत वाढला, न मिळालेल्यांत सुमारे आठ टक्क्यांत.

शाळेत पोर्टेबल यंत्र न्यायचं असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानबंदीचा) कायदा आधी वाचा. इको यंत्रंही त्याच्या नोंदणीत येतात आणि नोंदणीच्या जागेबाहेर पोर्टेबल यंत्र वापरण्यावर कडक बंधनं आहेत. जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. खानापूरच्या शाळेसाठी मिळालेली परवानगी चंदगडच्या शाळेत चालेल असं धरू नका, तिथं राज्य आणि प्राधिकारी दोन्ही बदलतात.

निपाणीच्या विडी कामगार महिलांमध्ये उजव्या व्हेंट्रिकलचं कार्य पाहण्यासारखे अभ्यासही करण्याजोगे आहेत. तिथं लक्षात ठेवायची गोष्ट एकच: ज्यांना दम लागला त्यांनी काम केव्हाच सोडलेलं असतं. आज पानं-तंबाखू घेऊन बसलेल्या बायकांवरच इको केला तर तंबाखूची धूळ निरुपद्रवी ठरेल. काम सोडलेल्या महिलाही गावातून शोधून घ्याव्या लागतील.

परवानग्यांचं थोडक्यात. नैतिकता समितीकडं जुन्या, ओळख काढलेल्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागता येते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी तरतूद आहे. पण फॉलो-अपचा फोन करणार असाल तर ती सूट पुरत नाही, फोनवरच्या संमतीचा मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत समितीपुढं ठेवा. डायकॉम फाइलच्या हेडरमधून नाव काढणं पुरेसं नाही. इकोच्या क्लिपवर कोपऱ्यात नाव चित्रातच उमटलेलं असतं, तो पट्टा वेगळा झाकावा लागतो. पुढं जाणारा अभ्यास करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंद करा.

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याआधी करायचं काम: इको रजिस्टरमधून झटक्याच्या रुग्णांच्या वीस नोंदी यादृच्छिकपणे काढा. प्रत्येकीत पाच गोष्टी आहेत का पाहा: मूळ फ्रेमरेटच्या तिन्ही क्लिप, झटक्याची तारीख, इको करताना घेतलेला रक्तदाब, क्रिएटिनिन, आणि लागणारा फोन नंबर. पंधरा किंवा जास्त नोंदी पूर्ण निघाल्या तर रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्ट करा. दहाच्या खाली आल्या तर जुना साठा सोडा आणि पुढच्या महिन्यापासून रुग्ण घ्या. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच दोन फोन नंबर लिहून घ्या, त्यातला एक गावात कायम राहणाऱ्या नातेवाइकाचा. प्रबंधाचा वेळ पाहता फॉलो-अप वर्षाऐवजी सहा महिन्यांवर आणावा लागेल. दहा ते चौदाच्या मध्ये आल्या तर कुठला रकाना रिकामा आहे ते पाहा. फोन नसतील तर मार्ग निघतो, क्लिपच नसतील तर प्रश्न बदलावा लागतो.